सोव्हिएत सत्तेचे मूळ: नेमणुकीचा अधिकार आणि १९९१ नंतरचे त्याचे वारसदार

प्रश्न असा आहे: सोव्हिएत संघाला लिखित राज्यघटना होती, सर्वोच्च सोव्हिएत नावाची संसद होती, मंत्रिमंडळ होते, ठरावीक मुदतीने निवडणुकाही होत, असे असताना देशाची सूत्रे पक्षाच्या सरचिटणीसाकडे कशी राहिली, आणि १९९१ मध्ये त्या पक्षावरच बंदी आल्यानंतरही अनेक ठिकाणी जुनीच माणसे सत्तेवर कशी राहिली? राज्यशास्त्राचा अध्यापक म्हणून या देशांचे राजकारण मी बराच काळ शिकवले आहे. या प्रश्नाला वर्गात हमखास मिळणारे उत्तर म्हणजे गुप्त पोलीस आणि दहशत. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. स्टालिनच्या मृत्यूनंतर दहशत ओसरली, तरी पक्षाची पकड त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ टिकली. शिवाय गुप्त पोलिसांचा प्रमुखही कोणीतरी नेमत असेच. सर्वांचा थरकाप उडवणाऱ्या बेरियाला जून १९५३ मध्ये अटक झाली ती पक्षातील त्याच्याच सहकाऱ्यांच्या निर्णयाने, आणि १९५४ मध्ये स्थापन झालेल्या केजीबीचा अध्यक्ष कोण असावा हेही पक्षाचे सर्वोच्च मंडळच ठरवत असे. माझ्या मते दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते: कोणत्या खुर्चीवर कोणाला बसवायचे आणि कोणाला उठवायचे, हा अधिकार कोणाच्या हाती होता, आणि १९८९ ते १९९१ या काळात त्या अधिकाराचे काय झाले.

या अधिकाराची घडण लेनिनच्या हयातीतच झाली. मार्च १९१९ मध्ये झालेल्या पक्षाच्या आठव्या अधिवेशनाने तीन लहान मंडळे कायम केली. धोरणासाठी पॉलिटब्यूरो, संघटनेसाठी ऑर्गब्यूरो आणि दैनंदिन कामकाजासाठी सचिवालय. यादवी युद्ध चालू होते, हजारो कार्यकर्त्यांना आघाडीवर, रेल्वेत, अन्नधान्य वसुलीत, प्रांतांच्या कारभारात पाठवायचे होते, आणि कोण कुठे आहे याची नोंद ठेवणारा एक विभाग सचिवालयाला जोडलेला होता. ट्रॉट्स्की, झिनोव्हिएव्ह, बुखारिन हे वक्ते आणि सिद्धांतकार. असल्या कारकुनी कामात त्यांना रस नव्हता. स्टालिनला होता. ३ एप्रिल १९२२ रोजी तो सरचिटणीस झाला, तेव्हा हे पद देशातील सर्वोच्च पद आहे असे कोणाच्याही मनात नव्हते. त्याचे मर्म लेनिनच्या ध्यानात लवकर आले. डिसेंबर १९२२ मध्ये आजारपणात सांगून लिहवून घेतलेल्या टिपणात त्याने बजावले, की सरचिटणीस झाल्यापासून स्टालिनच्या हाती अमर्याद सत्ता एकवटली आहे आणि ती तो नेहमी जपून वापरेल याची खात्री वाटत नाही. ४ जानेवारी १९२३ च्या पुरवणीत त्याला त्या पदावरून हलवण्याचा मार्ग शोधा, असे त्याने सुचवले. तोवर मार्च १९२१ च्या दहाव्या अधिवेशनाने पक्षांतर्गत गटबाजीवर बंदी घातलेली होती, त्यामुळे सरचिटणिसाविरुद्ध उघडपणे एकत्र येणे हाच शिस्तभंग ठरत होता.

कागदोपत्री रचना लोकशाहीची होती. पक्षाचे अधिवेशन मध्यवर्ती समिती निवडणार, मध्यवर्ती समिती पॉलिटब्यूरो आणि सरचिटणीस निवडणार. पण अधिवेशनाला येणारे प्रतिनिधी कोण, हे प्रांताच्या पक्षसचिवाच्या शब्दावर ठरे, आणि प्रांताचा पक्षसचिव 'शिफारशी'ने पाठवला जाई सचिवालयाकडून. म्हणजे सरचिटणीस ज्यांना नेमतो त्यांनी आणलेली माणसेच सरचिटणिसाला निवडतात, असे वर्तुळ पूर्ण झाले. डिसेंबर १९२५ च्या चौदाव्या अधिवेशनात हे वर्तुळ मतमोजणीतच दिसले. स्टालिनच्या बाजूने ५५९ मते पडली आणि विरोधात ६५. ती ६५ मते जवळजवळ सगळी लेनिनग्राडच्या प्रतिनिधींची होती, कारण लेनिनग्राडची संघटना झिनोव्हिएव्हच्या मुठीत होती आणि तिथल्या नेमणुका तो करत असे. लेनिनग्राडचे कामगार वेगळ्या विचाराचे आणि मॉस्कोचे वेगळ्या, असा याचा अर्थ नाही. ज्याच्या हाती ससा तो पारधी, एवढाच अर्थ आहे. अधिवेशन संपल्यावर स्टालिनने पहिले काम केले ते तिथला सचिव बदलण्याचे. त्याच्या विश्वासातल्या किरोव्हला लेनिनग्राडला पाठवण्यात आले आणि काही आठवड्यांत तीच संघटना स्टालिनची झाली.

पुढे ही पद्धत इतकी पक्की झाली की तिला नाव मिळाले: नोमेनक्लातुरा. म्हणजे दोन याद्या. एक पदांची, जी पक्षसमितीच्या संमतीशिवाय भरता येत नाहीत. दुसरी माणसांची, जी त्या पदांसाठी योग्य मानली जातात. मध्यवर्ती समितीची यादी वेगळी, प्रांताची वेगळी, जिल्ह्याची वेगळी. मंत्री, राजदूत, सेनापती, वृत्तपत्रांचे संपादक, विद्यापीठांचे कुलगुरू, मोठ्या कारखान्यांचे संचालक, न्यायाधीश, लेखक संघाचे चिटणीस, खाली सामूहिक शेतीच्या अध्यक्षापर्यंत प्रत्येक पद कुठल्या ना कुठल्या यादीत असे.

एखाद्या प्रांतातल्या मध्यम आकाराच्या कारखान्याला नवा संचालक हवा आहे, असे समजू. खात्याचे मंत्रालय मॉस्कोत आहे, आदेश त्याच्या सहीने निघणार आहे. पण त्याआधी प्रांतिक पक्षसमितीच्या उद्योग विभागातला अधिकारी दोन-तीन नावे काढतो. प्रत्येक नावामागे एक वैयक्तिक फाइल असते. तीत स्वतः भरलेले माहितीपत्रक असते: जन्म, आईवडिलांचा व्यवसाय, पक्षात प्रवेश कधी, नातलग परदेशात आहेत का, युद्धकाळात शत्रूने व्यापलेल्या प्रदेशात राहणे झाले होते का. सोबत एक गुणवर्णनपत्र असते, ज्यावर कारखान्याचा प्रमुख, पक्षशाखेचा सचिव आणि कामगार संघटनेचा अध्यक्ष अशा तिघांच्या सह्या लागतात. 'राजकीयदृष्ट्या परिपक्व, नैतिकदृष्ट्या स्थिर' या ठरीव शब्दांतला एखादा शब्द गाळलेला असला, तरी वाचणाऱ्याला जे समजायचे ते समजते. मग विभागप्रमुख मंत्रालयाला विशेष दूरध्वनीवरून कळवतो की अमुक नावाबद्दल 'असे मत आहे'. मत कोणाचे, हे विचारायचे नसते. पक्षसमितीच्या बैठकीत नावाला मान्यता मिळते आणि मंत्रालयाचा आदेश निघतो. त्या आदेशात पक्षाचा उल्लेखही नसतो. संचालकाचे पद, घर, मोटार, वेगळे दुकान, वेगळे रुग्णालय हे सारे त्या यादीशी बांधलेले असते. यादीतून नाव गेले की हे सगळे जाते, कारण यातले काहीही त्याच्या मालकीचे नसते. शेवटचा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

दहशतीकडेही मी याच अंगाने पाहतो. १९३४ च्या सतराव्या अधिवेशनाने निवडलेल्या मध्यवर्ती समितीच्या १३९ सदस्य आणि उमेदवार-सदस्यांपैकी (म्हणजे मताचा अधिकार नसलेल्या सदस्यांसह) ९८ जणांना अटक करून गोळ्या घालण्यात आल्या, आणि अधिवेशनाच्या १,९६६ प्रतिनिधींपैकी १,१०८ जणांना अटक झाली. हे आकडे स्टालिननंतर पक्षाचा प्रमुख झालेल्या ख्रुश्चेव्हने १९५६ मध्ये स्वतः जाहीर केले. यांतले बहुतेक स्टालिनच्याच शिफारशीने वर आलेले होते. म्हणजे नेमणुकीच्या अधिकाराला मर्यादा होती: वर्षानुवर्षे एका प्रांतात बसलेला सचिव आपली माणसे भोवती जमवतो, एकमेकांचे दोष झाकतो, आणि मॉस्कोला खरी माहिती कळेनाशी होते. ही सांधेजोड फोडण्यासाठी स्टालिनने माणसेच मारली. त्या अमानुष कृत्याचे स्पष्टीकरण देणे म्हणजे समर्थन करणे नव्हे, आणि लक्षावधी सामान्य माणसांच्या बळीचा हिशेब तर या चौकटीत बसतही नाही. पण रिकाम्या झालेल्या खुर्च्यांवर कोण बसले हे पाहिले, की पुढचा इतिहास समजतो. पुढे पंतप्रधान झालेला कोसिगिन १९३७ मध्ये एका कापड गिरणीचा संचालक होता आणि १९३९ च्या जानेवारीत वस्त्रोद्योगाचा मंत्री झाला. ख्रुश्चेव्हनंतर पक्षप्रमुख झालेला ब्रेझनेव्ह १९३९ मध्ये द्नेप्रोपेत्रोव्स्क प्रांताचा एक सचिव झाला. पुढे परराष्ट्रमंत्री झालेला ग्रोमिको त्याच वर्षी परराष्ट्र खात्यात आला. तिशीत मोठी पदे मिळालेली ही पिढी १९८० पर्यंत जागची हलली नाही.

ख्रुश्चेव्हच्या कारकिर्दीतील दोन प्रसंग शेजारी ठेवले, तर वर्तुळ कसे चालते आणि कुठे उलटते हे कळते. जून १९५७ मध्ये पक्षाच्या सर्वोच्च मंडळातील ११ पूर्ण सदस्यांपैकी ७ जणांनी, मोलोतोव्ह, मालेन्कोव्ह आणि कागानोविच यांच्या पुढाकाराने, त्याला काढण्याचा निर्णय घेतला. ख्रुश्चेव्हने उत्तर दिले की आपल्याला मध्यवर्ती समितीने निवडले आहे, काढायचे तर तिनेच काढावे. मध्यवर्ती समितीत बहुसंख्य होते प्रांतांचे सचिव, आणि त्यांतले पुष्कळ १९५३ नंतर त्यानेच बसवलेले. संरक्षणमंत्री झुकोव्हने त्यांना आणण्यासाठी लष्करी विमाने पाठवली. बहुमताचे अल्पमत झाले. मोलोतोव्ह मंगोलियात राजदूत म्हणून गेला आणि मालेन्कोव्ह कझाकस्तानात एका जलविद्युत केंद्रावर. त्यांना मारले गेले नाही, ही त्या व्यवस्थेतली खरी प्रगती होती.

सातच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९६४ रोजी, त्याच मध्यवर्ती समितीने ख्रुश्चेव्हला एका बैठकीत घरी पाठवले. मधल्या काळात त्याने काय केले होते? १९६१ च्या नव्या नियमावलीत प्रत्येक निवडणुकीत मध्यवर्ती समितीचे किमान एक चतुर्थांश, प्रांतिक समित्यांचे एक तृतीयांश आणि जिल्हा समित्यांचे निम्मे सदस्य बदलण्याची सक्ती आणली. नोव्हेंबर १९६२ मध्ये तर प्रांतिक समित्यांचे उद्योग आणि शेती असे दोन तुकडे केले, म्हणजे काल अख्ख्या प्रांताचा धनी असलेला सचिव आज अर्ध्या प्रांताचा झाला. क्युबातील माघार, शेतीतील अपयश, लहरी स्वभाव ही कारणे बैठकीत सांगितली गेली. पण ज्यांच्या मतांवर १९५७ मध्ये तो वाचला होता त्यांच्याच खुर्च्या त्याने डळमळीत केल्या होत्या. तो जाताच नोव्हेंबर १९६४ मध्ये समित्यांचे तुकडे पुन्हा जोडले गेले आणि १९६६ च्या अधिवेशनात सक्तीच्या बदलाचा नियम रद्द झाला. ब्रेझनेव्हने सचिवांना जे हवे होते ते दिले: पदाची शाश्वती. उझबेकिस्तानात रशिदोव्ह १९५९ पासून १९८३ मध्ये मरेपर्यंत राहिला, आणि त्याच्या अमलाखाली न पिकलेला कापूस वर्षानुवर्षे कागदावर पिकत राहिला. कझाकस्तानात कुनायेव्ह १९६४ पासून १९८६ पर्यंत होता. वरून नेमलेले सचिव या काळात स्थानिक सरदार झाले.

१९८५ मध्ये सरचिटणीस झालेल्या गोर्बाचेव्हला हे ठाऊक होते, कारण तो स्वतः स्ताव्रोपोल प्रांताचा सचिव होता. सुरुवातीला त्याने जुनीच चावी फिरवली: डिसेंबर १९८६ मध्ये कुनायेव्हच्या जागी रशियातल्या उल्यानोव्स्कहून कोल्बिन नावाचा सचिव पाठवला, आणि कझाकस्तानातील अल्मा-अता शहरात तरुण रस्त्यावर उतरले. नेमणूक मॉस्कोची असते हे सर्वांना मान्य होते. नेमलेला माणूस आपला असावा, ही तडजोड मोडल्याचा तो संताप होता. १९८८ च्या शरद ऋतूत त्याने अधिक मूलगामी पाऊल उचलले. मध्यवर्ती समितीच्या कचेरीतले विभाग निम्म्याहून कमी केले, उद्योगांवर नजर ठेवणारे बहुतेक विभाग बंद केले, आणि सचिवालयाच्या नियमित बैठकाच थांबल्यासारख्या झाल्या. त्यापाठोपाठ मार्च १९८९ मध्ये लोकप्रतिनिधी काँग्रेस या नव्या संसदेची निवडणूक झाली.

जुन्या सोव्हिएत निवडणुकीत मतपत्रिकेवर एकच नाव असे. संमती असेल तर काहीही न करता कागद घडी करून पेटीत टाकायचा. विरोध असेल तर आडोशाला जाऊन नाव खोडायचे. आडोशाला जाणे हीच विरोधाची कबुली, म्हणून कोणी जात नसे. १९८९ मध्ये आडोशातून जाण्याची भीती गेली. लेनिनग्राड प्रांताचा पक्षसचिव आणि पॉलिटब्यूरोचा उमेदवार-सदस्य सोलोव्हिओव्ह आपल्या मतदारसंघात एकटाच उमेदवार होता, आणि तो पडला, कारण निम्म्याहून अधिक लोकांनी त्याचे नाव खोडले. ज्या पदावर किरोव्हला पाठवून स्टालिनने एक शहर खिशात घातले होते, त्या पदावरच्या माणसाला त्याच शहराने नाकारले. मला ही १९८९ मधली सर्वांत निर्णायक घटना वाटते. बर्लिनची भिंत त्यानंतर सात महिन्यांनी पडली. सोलोव्हिओव्हच्या पराभवानंतर प्रत्येक प्रांतिक सचिवाला कळले की मॉस्कोची मर्जी आपल्याला वाचवू शकत नाही, आणि मॉस्कोविरुद्ध स्थानिक आधार शोधणे शहाणपणाचे आहे. मार्च १९९० मध्ये राज्यघटनेच्या सहाव्या कलमातून पक्षाची 'नेतृत्व करणारी आणि दिशा देणारी शक्ती' ही जागा काढली गेली. प्रत्यक्षात ती आधीच सुटलेली होती. जुलै १९९१ मध्ये रशियाचा राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन याने रशियातील कामाच्या ठिकाणच्या पक्षशाखांवर बंदी घातली, ऑगस्टमध्ये गोर्बाचेव्हविरुद्धचा उठाव फसला, आणि नोव्हेंबरमध्ये पक्षच बेकायदा ठरला.

आता दुसरा प्रश्न. यादी कोसळली, पण यादीतली माणसे कुठे जाणार होती? मध्य आशियात उत्तर सरळ होते. कझाकस्तानचा नझरबायेव्ह, उझबेकिस्तानचा करिमोव्ह आणि तुर्कमेनिस्तानचा नियाझोव्ह हे तिघेही आपापल्या प्रजासत्ताकाचे पक्षसचिव होते. तिघेही स्वतंत्र देशांचे राष्ट्राध्यक्ष झाले. नियाझोव्ह २००६ मध्ये आणि करिमोव्ह २०१६ मध्ये मरेपर्यंत पदावर होते, नझरबायेव्ह २०१९ पर्यंत. मॉस्कोची संमती घेण्याचे बंधन गेले, नेमणुकीचा अधिकार मात्र जसाच्या तसा त्यांच्या हाती राहिला. म्हणजे स्वातंत्र्याने त्यांची सत्ता वाढली. नझरबायेव्हने राष्ट्राध्यक्षपद सोडल्यावरही सुरक्षा परिषदेचे अध्यक्षपद स्वतःकडे ठेवले होते, आणि जानेवारी २०२२ च्या दंगलींत त्याच्या जागी आलेल्या तोकायेव्हने सर्वांत आधी काय घेतले असेल तर ते पद.

रशियात दोन टप्पे झाले. पूर्वी पदाबरोबर सगळे जात असे, कारण मालकी कोणाचीच नव्हती. म्हणून पद हलते आहे असे दिसताच त्याचे मालमत्तेत रूपांतर करण्याची घाई झाली. १९८७ पासून युवक संघटनेच्या छत्राखाली निघालेल्या तंत्रज्ञान केंद्रांना सरकारी उद्योगांच्या खात्यांतला कागदोपत्री रुबल रोख रुबलमध्ये बदलण्याची मुभा मिळाली. मॉस्कोच्या मेंदेलेयेव्ह संस्थेतील युवक संघटनेचा पदाधिकारी खोदोर्कोव्स्की इथूनच बँकेपर्यंत पोहोचला. ऑक्टोबर १९९२ पासून प्रत्येक नागरिकाला १०,००० रुबल दर्शनी किमतीचे व्हाउचर वाटले गेले, पण बहुतेक कारखान्यांनी ५१ टक्के भाग कामगार आणि व्यवस्थापनाकडे ठेवणारा पर्याय निवडला, आणि विखुरलेल्या कामगारांचे भाग संचालकाच्या ताब्यात जायला वेळ लागला नाही. वायू उद्योगाचा मंत्री असलेला चेर्नोमिर्दिन १९८९ मध्ये त्याच खात्यातून बनलेल्या गाझप्रोमचा प्रमुख झाला आणि डिसेंबर १९९२ मध्ये देशाचा पंतप्रधान. या दशकात नेमणुकीचा अधिकार विस्कळीत होता. गव्हर्नर निवडून येत आणि मॉस्कोला जुमानत नसत. सप्टेंबर २००४ मध्ये बेस्लानच्या शाळेतील हत्याकांडानंतर पुतिनने गव्हर्नरांची थेट निवडणूक बंद करण्याची घोषणा केली. दहशतवादाशी तिचा संबंध जोडणे मला कधीच पटले नाही. प्रांताच्या प्रमुखाला मॉस्कोहून बसवण्याचा अधिकार परत आणणे, हे तिचे स्वरूप होते. २०१२ मध्ये निवडणुका परत आल्या, पण उमेदवारीची चाळणी अशी ठेवली की नको तो माणूस मतपत्रिकेपर्यंत पोहोचू नये. हे काम पाहणारे राष्ट्राध्यक्षांचे प्रशासन मॉस्कोत स्ताराया चौकातल्या, एकेकाळी मध्यवर्ती समितीच्या असलेल्या इमारतींमधून चालते.

पोलंडची वाट वेगळी का झाली, याचे उत्तर १९८९ च्याही आधीचे आहे. ऑगस्ट १९८० मध्ये ग्दान्स्कच्या गोदीत संपकऱ्यांनी मांडलेल्या २१ मागण्यांतली एक मागणी अशी होती, की व्यवस्थापकांची निवड पात्रतेवर व्हावी, पक्षसदस्यत्वावर नव्हे, आणि पोलीस व पक्षयंत्रणेची वेगळी दुकाने बंद व्हावीत. वेतनवाढीच्या शेजारी ही मागणी लिहिणाऱ्या कामगारांनी सत्तेचे मर्म बरोबर हेरले होते. जून १९८९ च्या निवडणुकीत त्यांच्या सॉलिडॅरिटी संघटनेने सिनेटच्या १०० पैकी ९९ जागा जिंकल्या. सरकारी नेत्यांच्या ३५ जणांच्या राष्ट्रीय यादीतले फक्त दोघे तरले, तेही नावे खोडण्याच्याच पद्धतीत. पोलंडमध्येही जुन्या अधिकाऱ्यांनी कंपन्या काढल्या आणि १९९५ मध्ये माजी कम्युनिस्ट मंत्री क्वाशनिएव्स्की राष्ट्राध्यक्ष झाला, पण मते मिळवून झाला आणि मुदत संपल्यावर गेला. चेकोस्लोव्हाकियाने ऑक्टोबर १९९१ मध्ये कायदा करून जिल्हापातळीपासून वरचे पक्षसचिव आणि गुप्त पोलिसांचे हस्तक यांना ठरावीक सरकारी पदांतून दूर ठेवले. या कायद्यात पोलिसी फाइलींवर फार विसंबून निरपराधांनाही डाग लागला, ही टीका मला रास्त वाटते. तरीही पदांची जुनी साखळी तोडण्याचा प्रयत्न तिथे निदान झाला, रशियात तो झालाच नाही.

चीनच्या नेतृत्वाने या घटनांचा अभ्यास याच नजरेने केला असे त्यांच्या कृतीवरून दिसते. १९८४ मध्ये तिथल्या मध्यवर्ती संघटन विभागाने आपल्या यादीतली पदे बरीच कमी करून एकेक पायरी खालची पदे प्रांतांकडे सोपवली होती, आणि १९८७ मध्ये तेव्हाचा पक्षप्रमुख झाओ झियांग याने मंत्रालयांतील पक्षगट हळूहळू बंद करण्याचे ठरवले होते. १९८९ नंतर पक्षगट परत आले. बाजार मोकळा झाला, पण प्रांतांचे प्रमुख आणि मोठ्या सरकारी कंपन्यांचे अध्यक्ष आजही पक्षच नेमतो. मार्च २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची दोन मुदतींची मर्यादा २,९५८ विरुद्ध २ मतांनी काढली गेली, तेव्हा जगभर चर्चा झाली ती त्या पदाची. पक्षाच्या सरचिटणीसपदाला तर पक्षाच्या घटनेत मुदतीची मर्यादा मुळातच नव्हती.

याच घराण्यातला व्हिएतनाम मात्र वेगळा अभ्यासावा. तिथे ऑक्टोबर २०१२ मध्ये पॉलिटब्यूरोने पंतप्रधान न्ग्वेन तान झुंग यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई सुचवली आणि मध्यवर्ती समितीने ती नाकारली, कारण समितीतील प्रांतिक सचिव आणि मंत्री यांपैकी अनेकांचे हितसंबंध झुंग यांच्याशी बांधलेले होते. २०१६ च्या अधिवेशनात मात्र उमेदवारीचे नियम आधीच बदलून त्यांची सरचिटणीसपदाची वाट बंद करण्यात आली.